यंत्र-देखभालीतील सुरक्षा, औद्योगिक

यंत्र-देखभालीतील सुरक्षा, औद्योगिक : कारखान्यातील यंत्रे साफ करणे, त्यांना वंगण देणे, त्यांचे भाग जुळविणे, झिजलेले भाग बदलणे, अडकलेला माल मोकळा करणे व बिघडलेले यंत्र दुरुस्त करून पुन्हा चालू करणे ही सर्व कामे ‘देखभाल’ ह्या संज्ञेत येतात. ही कामे करीत असताना कामगारास इजा होऊ नये म्हणून योजण्यात येणारी साधने, कार्यपद्धती आणि त्यांसंबंधीच्या कायदेशीर तरतुदी यांचा विचार प्रस्तुत विषयात केला जातो. औद्योगिक सुरक्षेची ही शाखा तुलनेने उशिरा विकसित झाली. यंत्र चालविणाऱ्या कामगाराच्या संरक्षणाचा विचार एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सुरू झाला होता. परंतु ते यंत्र दुरुस्त करणाऱ्याच्या संरक्षणाचा स्वतंत्र व सर्वांगीण विचार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत लांबला. यूरोपीय संघाच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य अभिकरणाने २०१०-११ मध्ये सुरक्षित देखभालीविषयी मोहीम हाती घेतली, त्यावेळी यूरोपातील कामावरील प्राणघातक अपघातांपैकी १० ते १५ टक्के अपघात देखभालीच्या कामाशी निगडित असल्याचा अंदाज त्याने दिला होता.

धोक्याचे स्वरूप : उत्पादन चालू असताना कामगार आणि यंत्राचा धोकादायक भाग यांच्यामध्ये संरक्षक आवरण, जाळी किंवा कठडा असतो. देखभाल करणाऱ्यास नेमका तोच अडसर दूर करून आत हात घालावा लागतो, यंत्राखाली शिरावे लागते किंवा टाकीत उतरावे लागते. त्यामुळे नेहमीच्या कामात पुरेशी ठरणारी संरक्षक साधने त्याच्या उपयोगी पडत नाहीत. ह्या कामातील अपघातांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात.

पहिल्या प्रकारात यंत्र चालू ठेवूनच साफसफाई किंवा वंगण देण्याचे काम केले जाते आणि फिरत्या भागात हात, केस अथवा कपडा ओढला जातो. दुसऱ्या प्रकारात यंत्र बंद केलेले असते. परंतु आत कोणी काम करीत आहे हे ठाऊक नसलेली दुसरी व्यक्ती ते सुरू करते किंवा एखादा खटका चुकून दाबला जातो. तिसऱ्या प्रकारात यंत्राचा वीजपुरवठा तोडलेला असतो. परंतु यंत्रात साठून राहिलेली ऊर्जा मोकळी होते. फिरणारे प्रचक्र वीज बंद झाल्यावरही काही काळ फिरत राहते. दाबयंत्राचा वर उचललेला जड ठोकळा स्वतःच्या वजनाने खाली येऊ शकतो. दाबलेली स्प्रिंग, नळातील संपीडित हवा किंवा वाफ, विद्युत् धारित्रातील भार आणि टाकीत उरलेला विषारी वायू हे सर्व अशा साठलेल्या ऊर्जेचे किंवा धोक्याचे प्रकार होत. यंत्र ‘बंद’ असणे आणि ते ‘सुरक्षित’ असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ह्या तिसऱ्या प्रकारावरून स्पष्ट होते. ही जाणीव उद्योगक्षेत्रात कशी रुजत गेली, हाच प्रस्तुत विषयाच्या इतिहासाचा गाभा आहे.

ब्रिटनमधील आरंभ : वाफ एंजिनावर चालणाऱ्या कापड गिरणीत एका एंजिनाची शक्ती छताजवळून जाणाऱ्या लांब फिरत्या दंडांमार्फत सर्व मजल्यांवर नेली जाई. ह्या दंडांवरील कप्प्यांवरून चामड्याचे पट्टे खाली येत व प्रत्येक यंत्र फिरवीत. एखादे यंत्र बंद करावयाचे झाल्यास त्याचा पट्टा घट्ट कप्पीवरून सैल कप्पीवर सरकविण्यात येई. मुख्य दंड मात्र एंजिन चालू असेपर्यंत फिरतच राही. पट्टा निसटला, तर तो शिडीवर चढून फिरत्या कप्पीवर हातानेच चढविण्याची रीत होती. दंडांच्या धारव्यांना वंगण देण्याचे कामही दंड फिरत असतानाच होत असे. सबंध गिरणी थांबविल्याने उत्पादन बुडे, ही त्यामागील आर्थिक अडचण होती. स्वयंचलित कताई यंत्राचा पुढचा भाग मागेपुढे सरकत असताना त्याच्या खाली साचलेला कापूस व धूळ गोळा करण्यासाठी लहान मुले नेमली जात. आकाराने लहान असल्यामुळे ती यंत्राखाली सहज शिरू शकत, हेच त्यांच्या नेमणुकीचे कारण होते.

ब्रिटनमध्ये १८३३ च्या कारखाने अधिनियमाने चार शासकीय निरीक्षक नेमले. त्यांच्या अहवालांतून अपघातांची माहिती प्रथमच पद्धतशीरपणे पुढे आली. १८४४ च्या अधिनियमाने प्रचक्र, फिरते दंड इत्यादींना कुंपण घालण्याची सक्ती केली. त्याचबरोबर मुलांनी व अल्पवयीन कामगारांनी शक्तिवाहक भाग फिरत असताना ते साफ करू नयेत आणि स्वयंचलित यंत्राच्या स्थिर व सरकत्या भागांमध्ये काम करू नये, असे बंधन घातले. देखभालीच्या कामातील धोक्याची कायद्याने घेतलेली ही आरंभीची महत्त्वाची नोंद होय.

ह्या तरतुदींच्या अंमलबजावणीवरून लवकरच मोठा वाद उद्भवला. जमिनीपासून सात फुटांहून उंचावर असलेल्या दंडांना कुंपणाची आवश्यकता नाही, कारण तेथे सामान्य कामगाराचा हात पोहोचत नाही, असे गिरणीमालकांचे म्हणणे होते. उंच दंडांजवळ जाण्याचा प्रसंग प्रामुख्याने पट्टे चढविणाऱ्यांवर व तेल घालणाऱ्यांवर येई आणि त्यांतीलच अनेक जण दंडाभोवती गुंडाळले जाऊन मृत्यू पावत. लेनर्ड हॉर्नर व त्यांचे सहकारी निरीक्षक यांनी १८५४ मध्ये सर्व दंड झाकण्याचा आग्रह धरला, तेव्हा मालकांनी १८५५ मध्ये मँचेस्टर येथे एक राष्ट्रीय संघ स्थापून त्याला विरोध केला. चार्ल्स डिकन्झ यांच्या हाउसहोल्ड वर्ड्‌स ह्या साप्ताहिकाने कामगारांची बाजू मांडली, तर हॅरिएट मार्टिनो यांनी पुस्तिका लिहून मालकांची बाजू घेतली. अखेरीस १८५६ च्या अधिनियमाने कुंपणाची सक्ती स्त्रिया, मुले व अल्पवयीन यांचा संपर्क येण्याचा संभव असलेल्या भागांपुरती सीमित केली. यंत्राच्या सर्वांत धोकादायक भागाशी ज्याचा नित्य संबंध येई, तो प्रौढ पुरुष कामगार अशा रीतीने कायद्याच्या संरक्षणाबाहेर राहिला. त्याने स्वतःची काळजी स्वतः घ्यावी, ही त्या काळची धारणा त्यामागे होती.

ही धारणा हळूहळू बदलत गेली. जर्मनीत १८८४ च्या कायद्याने अपघात-विम्याची योजना सुरू झाली आणि ब्रिटनमध्ये १८९७ च्या कायद्याने मालकाचा दोष सिद्ध न करताही काही उद्योगांतील कामगारांना भरपाई मिळू लागली. अपघाताचा खर्च उद्योगावर पडू लागल्यामुळे प्रतिबंधक उपायांना आर्थिक महत्त्व आले. ब्रिटनच्या १९३७ च्या कारखाने अधिनियमाखाली १९३८ मध्ये झालेल्या नियमांनी आवरण काढलेल्या चालू यंत्राजवळ कोणी व कोणत्या परिस्थितीत जावे, हे ठरवून दिले. तथापि कायद्यात एक उणीव राहिलीच. पीसण यंत्राची दुरुस्ती चालू असता त्याचा पट्टा हाताने ओढताना एका जोडाऱ्याची बोटे अडकल्याच्या प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्‌सने १९५५ मध्ये असा निर्णय दिला की, वीज तोडून केवळ हाताने हलविलेले यंत्र कायद्याच्या अर्थाने ‘चालू किंवा वापरात’ नसते. म्हणून त्यास आवरण घालण्याचे बंधन त्यावेळी लागू होत नाही. म्हणजेच आवरणासंबंधीचा कायदा उत्पादनासाठी होता, दुरुस्तीसाठी नव्हता.

भारत : मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या गिरणीपासून आधुनिक कापड उद्योगास आरंभ झाला. ह्या गिरण्यांतील यंत्रे लँकाशरमधून आली आणि त्यांच्याबरोबर दंड व पट्टे यांची रचना, तसेच तिच्यातील धोकेही आले. फिरत्या भागांना तेल देणारा ‘तेलवाला’ हा गिरणीतील एक ठराविक हुद्दाच होता. मुंबई सरकारने १८७५ मध्ये गिरण्यांतील परिस्थितीच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्यानंतर १८८१ मध्ये पहिला भारतीय कारखाने अधिनियम संमत झाला. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या व यांत्रिक शक्ती वापरणाऱ्या कारखान्यांना तो लागू होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास त्याने मनाई केली आणि धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद केली.

हा अधिनियम अपुरा असल्याची जाणीव कामगारांमध्ये लवकरच निर्माण झाली. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी सभा घेऊन एक निवेदन तयार केले व त्यावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. साप्ताहिक सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, कामाचे मर्यादित तास व वेळेवर वेतन ह्या मागण्यांबरोबरच कामावर जखमी झालेल्या कामगारास तो बरा होईपर्यंत पूर्ण वेतन द्यावे आणि तो कायमचा निकामी झाल्यास त्याच्या निर्वाहाची तजवीज करावी, अशीही मागणी त्यात होती. अपघात ही केवळ दैवगती नसून तिची जबाबदारी उद्योगावर येते, हा विचार भारतीय कामगारांनी स्वतः मांडल्याचे हे एक आरंभीचे उदाहरण आहे. ही मागणी कायद्यात उतरण्यास जवळजवळ चार दशके लागली. कामगार भरपाई अधिनियम १९२३ मध्ये संमत झाला व १ जुलै १९२४ पासून अंमलात आला.

दरम्यान गिरण्यांतील शक्तीचे स्वरूप पालटत होते. टाटा जलविद्युत् कंपनीच्या खोपोली येथील केंद्रातून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. पुढील काळात छतालगतचे लांब दंड मागे पडून प्रत्येक यंत्रास स्वतंत्र विद्युत् चलित्र बसविण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे पट्ट्यांचे अपघात कमी होण्यास मदत झाली. परंतु एक नवा धोका निर्माण झाला. वाफेच्या काळात एंजिन थांबले की सबंध गिरणी थांबे आणि ते सुरू होत असल्याचे सर्वांना कळे. विजेच्या काळात कोणतेही एक यंत्र दूरच्या खटक्याने, आवाज न होता, एका क्षणात सुरू करता येऊ लागले. यंत्राच्या आत असलेल्या माणसाचे जीवित आता त्याच्या दृष्टीआड असलेल्या खटक्यावर अवलंबून राहिले.

स्वातंत्र्योत्तर काळातील १९४८ च्या कारखाने अधिनियमात ह्या प्रश्नाचा अधिक तपशीलवार विचार करण्यात आला. हा अधिनियम १ एप्रिल १९४९ पासून लागू झाला. चालू यंत्राची तपासणी किंवा त्यास वंगण देणे अपरिहार्य असल्यास ते काम खास प्रशिक्षण घेतलेल्या, अंगाशी घट्ट बसणारे कपडे घातलेल्या व नोंदवहीत नाव असलेल्या प्रौढ पुरुष कामगारानेच करावे, अशी तरतूद त्याच्या २२ व्या कलमात होती. स्त्रिया व अल्पवयीन व्यक्ती यांना चालू शक्तिवाहक यंत्रणा साफ करण्यास वा तिला वंगण देण्यास मनाई होती. फिरत्या यारीच्या मार्गावर कोणी काम करीत असल्यास यारी त्याच्यापासून ठराविक अंतरावर थांबविण्याची, तसेच वायू साठण्याचा संभव असलेल्या टाक्या व खड्डे यांत उतरण्यापूर्वी घ्यावयाच्या दक्षतेचीही तरतूद होती. १९७६ च्या दुरुस्तीने ह्या कलमांत महत्त्वाची भर घातली. फिरत्या कप्पीवरील पट्टा हाताळावयाचा झाल्यास त्याची रुंदी १५ सेंमी. पेक्षा अधिक नसावी, तसेच कामगारास पाय रोवण्यास व हाताने धरण्यास भक्कम आधार असावा, असे ठरविण्यात आले. शक्ती तोडणारा खटका चुकून ‘बंद’ स्थितीतून ‘चालू’ स्थितीत जाण्याचा संभव असेल, तर तो सुरक्षित स्थितीत कुलुपबंद करण्याची व्यवस्था असलीच पाहिजे, हे बंधनही याच दुरुस्तीने २४ व्या कलमात आले. मात्र त्या कुलुपाची किल्ली कोणाकडे असावी, याविषयी कलमात काही सांगितलेले नव्हते. ही बाब गौण वाटली, तरी पुढे वर्णिलेल्या पद्धतीत तिलाच मध्यवर्ती स्थान आहे. एक हजार किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत सुरक्षा अधिकारी नेमण्याची तरतूदही १९७६ मध्येच झाली. संसदेने २०२० मध्ये संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत इतर अनेक कामगारविषयक कायद्यांबरोबर १९४८ चा हा अधिनियमही समाविष्ट करण्यात आला.

कायद्याबरोबरच प्रशिक्षणाच्या संस्थाही उभ्या राहिल्या. मुंबईत शीव येथे केंद्रीय श्रम संस्था स्थापन झाली. राष्ट्रीय सुरक्षा परिषद ४ मार्च १९६६ रोजी अस्तित्वात आली आणि १९७२ पासून तिचा स्थापना दिन देशभर राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जाऊ लागला.

कुलूप व फलक पद्धती : देखभालीच्या सुरक्षेतील सर्वांत महत्त्वाचे तत्त्व कारखान्यांपूर्वी लोहमार्गांवर रूढ झाले. अमेरिकेतील लोहमार्गांच्या प्रमाण नियमांनुसार, डब्याखाली अथवा एंजिनाखाली माणसे काम करीत असल्यास तेथे दिवसा निळे निशाण व रात्री निळा दिवा लावण्यात येई. असे चिन्ह असलेली गाडी हलविण्यास सक्त मनाई होती आणि ज्यांनी ते चिन्ह लावले त्याच कामगारांना ते काढण्याचा अधिकार असे. गाडीचा चालक किंवा स्थानकाचा अधिकारी कितीही वरिष्ठ असला, तरी तो ते काढू शकत नसे. ज्याचा जीव धोक्यात, त्याच्याच हाती नियंत्रण, हे या नियमाचे सूत्र होय.

वीज कंपन्यांनी हेच सूत्र तारांवरील कामासाठी स्वीकारले. पुढे रासायनिक, पोलाद व मोटार उद्योगांतही मुख्य खटक्यास कुलूप लावण्याची रीत पसरली. अमेरिकेत १९७० च्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य अधिनियमानंतर ह्या रीतीस प्रमाणित स्वरूप देण्याचे प्रयत्न झाले. अमेरिकन राष्ट्रीय मानक संस्थेने १९८२ मध्ये यासंबंधीचे मानक प्रसिद्ध केले आणि १ सप्टेंबर १९८९ रोजी संघराज्य शासनाने सर्वसामान्य उद्योगांसाठी अनिवार्य नियम जाहीर केला. तो जानेवारी १९९० पासून लागू झाला. त्याच्या पालनामुळे प्रतिवर्षी सु. १२० मृत्यू व ५०,००० इजा टळतात, असा तेथील शासकीय यंत्रणेचा अंदाज आहे.

ह्या पद्धतीतील क्रम पुढीलप्रमाणे असतो : (१) संबंधित सर्व कामगारांना काम सुरू होत असल्याची सूचना देणे, (२) यंत्र नेहमीच्या रीतीने थांबविणे, (३) वीज, वाफ, संपीडित हवा, द्रवदाब इ. प्रत्येक ऊर्जास्रोत यंत्रापासून तोडणे; (४) तोडलेल्या प्रत्येक ठिकाणी कामगाराने स्वतःचे कुलूप घालून त्यावर आपले नाव असलेला फलक अडकविणे; (५) साठलेली ऊर्जा मोकळी करणे, म्हणजे दाब सोडणे, उचललेल्या भागास आधार देणे, धारित्राचा भार काढून टाकणे व स्प्रिंग सैल करणे; (६) यंत्र सुरू करण्याचा प्रयत्न करून ते खरोखरच सुरू होत नाही याची खात्री करून घेणे. एका यंत्रावर पाच जण काम करीत असल्यास अनेक छिद्रांच्या कडीत पाच कुलुपे लागतात आणि शेवटचे कुलूप निघेपर्यंत यंत्र चालू होऊ शकत नाही. काम संपल्यावर प्रत्येकाने आपले कुलूप स्वतः काढावयाचे असते.

नुसता फलक व कुलूप यांत मोठा फरक आहे. ‘यंत्र चालू करू नका’ असा फलक ही केवळ सूचना होय. घाई, अंधार किंवा निरक्षरता यांमुळे तिच्याकडे दुर्लक्ष होऊ शकते. कुलूप मात्र प्रत्यक्ष अडथळा असतो. तथापि कुलूप लावले की काम संपले, असे समजणेही चूक ठरते. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९८२ ते १९९७ या काळात अन्वेषण केलेल्या प्राणघातक घटनांपैकी १५२ घटना अनियंत्रित ऊर्जेशी संबंधित होत्या. त्यांपैकी १२४ घटनांत ऊर्जास्रोत पूर्णपणे तोडलेला, रोखलेला अथवा मोकळा केलेला नव्हता. १७ घटनांत तो तोडल्यावर कुलूप किंवा फलक लावलेला नव्हता. आणि ११ घटनांत हे सर्व करूनही खात्री करून घेण्याचे राहिले होते. ह्या आकड्यांवरून वरील क्रमातील तिसऱ्या व पाचव्या पायरीचे महत्त्व लक्षात येते.

काम परवाना व मोठे अपघात : तेलशुद्धीकरण, रसायने व नैसर्गिक वायू यांच्या उद्योगांत एका यंत्राची दुरुस्ती अनेक नळ, झडपा व टाक्या यांच्याशी निगडित असते. तेथे कुलुपाच्या जोडीला लेखी काम परवाना आवश्यक ठरतो. कोणते काम, कोठे, किती वेळ, कोणत्या दक्षतेने करावयाचे हे त्यात नमूद केलेले असते आणि यंत्रणा चालविणारा व दुरुस्ती करणारा अशा दोघांच्या त्यावर सह्या होतात. ह्या पद्धतीचे महत्त्व काही भीषण अपघातांनी जगापुढे आणले.

इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथील रासायनिक कारखान्यात सहा विक्रियापात्रांपैकी पाचव्याला तडा गेल्याचे आढळल्यावर ते काढून चौथ्या व सहाव्या पात्रांमध्ये तात्पुरता नळ बसविण्यात आला. त्याचा योग्य आराखडा तयार करण्यात आला नव्हता. १ जून १९७४ रोजी तो नळ निखळून झालेल्या स्फोटात २८ जण मृत्यू पावले. दुरुस्तीच्या निमित्ताने केलेला बदल हादेखील मूळ रचनेइतकाच काटेकोर तपासला पाहिजे, हा धडा त्यातून मिळाला.

भोपाळ येथील कीटकनाशकांच्या कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये देखभालीच्या कामाच्या वेळी फॉस्जीन वायूमुळे एक कामगार मरण पावला होता. त्याच कारखान्यात २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथिल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरून वायुगळती झाली आणि हजारो नागरिकांचे प्राण गेले. नळ धुण्याचे काम चालू असताना अडथळ्याची बंद चकती न बसविल्यामुळे पाणी टाकीत गेले, असे तेथील कामगारांचे म्हणणे होते. कंपनीने ते नाकारून घातपाताची उपपत्ती मांडली. पाणी कसे शिरले याविषयी मतभेद असले, तरी टाकीची शीतकरण यंत्रणा बंद ठेवलेली होती आणि वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याकडे जाणारा नळ दुरुस्तीसाठी तोडलेला होता, ह्या गोष्टी निर्विवाद आहेत. संरक्षक यंत्रणाच देखभालीसाठी बंद असताना मूळ धोका तसाच कायम ठेवण्यात आला होता. ह्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये भारताच्या कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले.

उत्तर समुद्रातील पायपर अल्फा ह्या तेलमंचावर ६ जुलै १९८८ रोजी एक पंप दुरुस्तीसाठी बंद होता. त्याची सुरक्षा झडप काढून त्या जागी चकती बसविली होती; परंतु ती वायुरोधक नव्हती. पंपाचा परवाना व झडपेचा परवाना वेगवेगळे होते. रात्री दुसरा पंप बंद पडला, तेव्हा झडप काढल्याचे ठाऊक नसलेल्या पाळीने पहिला पंप सुरू केला. गळती होऊन स्फोट व आग यांत १६७ जण मृत्युमुखी पडले. लॉर्ड कलन यांच्या १९९० च्या चौकशी अहवालात १०६ शिफारशी होत्या आणि पाळी बदलताना माहितीचे हस्तांतरण व परवाना पद्धती यांवर त्यात विशेष भर होता. त्यानंतरच्या वर्षी, २३ ऑक्टोबर १९८९ रोजी, टेक्सस राज्यातील पॅसाडीना येथे पॉलिएथिलिनाच्या कारखान्यात कंत्राटी कामगार नळातील अडथळा काढीत असताना झडप उघडी राहून झालेल्या स्फोटात २३ जण ठार झाले. झडप चालविणाऱ्या हवेच्या नळ्या उलट जोडलेल्या होत्या आणि नळ तोडण्याचा दुसरा, स्वतंत्र अडसर वापरलेला नव्हता. एकाच झडपेवर विसंबून न राहता दोन झडपा बंद करून त्यांमधील भाग मोकळा करणे, अथवा नळात भरीव चकती घालणे, ही रीत अशा अनुभवांतून दृढ झाली.

स्वयंचलित यंत्रे : संगणकाच्या नियंत्रणाखालील यंत्रांत ‘थांबलेले’ यंत्र बहुधा पुढील आज्ञेची वाट पाहत असते. एखादा संवेदक साफ करताच ते पुन्हा हालचाल करू शकते. जपानमधील आकाशी येथील कारखान्यात १९८१ मध्ये संरक्षक कुंपणाच्या आत शिरून तपासणी करणारा कामगार यंत्रमानवाच्या बाहूने चिरडून मृत्यू पावला. त्यानंतर कुंपणाचे दार उघडताच वीज खंडित करणारी अन्योन्यबंधने, एकच किल्ली दार व खटका या दोहोंसाठी वापरण्याची व्यवस्था आणि प्रशिक्षणकाळी यंत्रमानवाची गती मर्यादित ठेवण्याची रीत यांवर अधिक भर देण्यात येऊ लागला. यंत्र अनपेक्षितपणे सुरू होण्यास प्रतिबंध करण्यासंबंधीचे आंतरराष्ट्रीय मानक २००० मध्ये प्रसिद्ध झाले व २०१७ मध्ये सुधारण्यात आले. देखभालीची सोय मूळ आराखड्यातच असावी, म्हणजे वंगणाची नळी आवरणाबाहेर आणावी, ऊर्जा तोडण्याचे खटके हाताशी व कुलूप लावता येतील असे ठेवावेत, हा विचारही यूरोपीय संघाच्या १९८९ च्या यंत्रविषयक निर्देशापासून कायद्यात दृढ झाला.

मूल्यमापन : यंत्र-देखभालीतील सुरक्षेच्या इतिहासात तीन टप्पे दिसतात. पहिल्या टप्प्यात यंत्रास कुंपण घालून दुर्बल समजल्या गेलेल्या कामगारांना दूर ठेवण्यात आले. दुसऱ्यात प्रशिक्षित कामगारास विशिष्ट अटींवर चालू यंत्राजवळ जाण्याची परवानगी देण्यात आली. तिसऱ्यात यंत्र पूर्णपणे निष्प्रभ केल्याशिवाय त्यास हात लावू नये आणि ते पुन्हा चालू करण्याचा अधिकार आत असलेल्या माणसाकडेच राहावा, हे तत्त्व मान्य झाले. साधनांच्या दृष्टीने हा अखेरचा टप्पा अत्यंत साधा आहे. एक कुलूप, एक किल्ली व एक फलक यांपलीकडे त्यास फारसे काही लागत नाही. अडचण येते ती वेळेची व अधिकाराची. थांबलेल्या यंत्रामुळे उत्पादन थांबते आणि ते लवकर सुरू करण्याचे दडपण दुरुस्ती करणाऱ्यावर पडते. हे काम कंत्राटी कामगारांकडे जात असल्यास यंत्रणेची माहिती, कुलूप मागण्याचा हक्क आणि घाईस नकार देण्याची मुभा ह्या तिन्ही बाबतींत ते कायम कामगारांपेक्षा मागे राहण्याचा धोका असतो. लहान कारखान्यांत तर यंत्र चालविणारा, साफ करणारा व दुरुस्त करणारा पुष्कळदा एकच असतो आणि चालत्या यंत्रावरच हात फिरविण्याची जुनी सवय तेथे सहजासहजी सुटत नाही. सात फुटांवरील दंडाच्या वादात जो प्रश्न विचारला गेला, तोच ह्या सर्व प्रसंगी पुन्हा उभा राहतो : यंत्र थांबविण्याची किंमत कोणी सोसावयाची? उद्योगाने ती सोसली, तर काही तासांचे उत्पादन बुडते. कामगारास सोसावी लागली, तर त्याचा हात किंवा जीव जातो. कुलुपाची किल्ली कामगाराच्या खिशात असावी, हा नियम म्हणजे ह्या प्रश्नास मिळालेले सर्वांत स्पष्ट उत्तर होय.